न बोलावता आत न येणारा माणूस

१ डिसेंबर २०२४, रविवार

माझी भाची स्नेहा बिदरहून आली. येताना एक प्रोजेक्टर, एक पेन ड्राइव्ह आणि माझ्यासाठी एक काम घेऊन आली. ती बिदरच्या एका कॉलेजात शिकवते आणि तिथं पिक्चर बघणाऱ्यांचं मंडळ चालवते. मंडळाचा अंक निघणार आहे. त्यात 'खेड्यातल्या प्रेक्षकाचं मत' म्हणून दोनशे शब्द पाहिजेत. प्रेक्षक मी. पिक्चर परदेशातला, काळापांढरा, अडीच तासांचा. नाव मला उच्चारता आलं नाही, म्हणून इथं 'तो पिक्चर' असंच लिहीन. तिच्या विद्यार्थ्यांनी खाली मराठी अक्षरं टाकली आहेत.

"कशावर हाय?" मी विचारलं.

"व्हॅम्पायरवर, मामा. माणसाचं रक्त पिऊन जगणारा."

"ढेकणावर अडीच तास?"

ती हसली नाही. आमची मंडळी गीताबाई मात्र हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "वाचनालयात दाखवा की. समद्यांना बोलवा." या बाईनं चाळीस वर्षांत एकही पिक्चर जागेपणी संपवलेला नाही. नंतर दोघी आत जाऊन बराच वेळ कुजबुजत होत्या. येळवस, शेतात पूजा करून जेवायची अमावस्या, महिन्यावर आली आहे, भज्जीच्या डाळींचं बोलत असतील.

संध्याकाळी बाबूलाल टेलर सांगून गेला, की बसवंतप्पा एक जानेवारीला कायमचा कलबुर्गीला चाललाय, श्रीशैलकडं, लेकाकडं. जाईना का. मी एकोणतीस वर्षं कंडक्टर होतो. माणसं चढतात, उतरतात. मला त्याचं काही नाही.

३ डिसेंबर

परवा 'काही नाही' लिहिलं ते खोटं होतं. डायरी कुणाला दाखवायची नाही, तर तिच्यात खोटं लिहिण्यात फायदा नाही.

आमच्या खटकचिंचोळीत श्रावणात वाचनालयात पोथी लागते. एकानं वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. बावीस वर्षं मी वाचतोय आणि बसवंतप्पा अर्थ सांगतोय. त्याला सगळं गाव अप्पा म्हणतं. माझं काम सरळ आहे. छापलंय तेवढं वाचायचं, मोठ्यानं. अप्पाचं तसं नाही. तो एका ओवीवर वीस मिनिटं बोलतो, मधेच कानडीत शिरतो, रंगात आला की उर्दूत, आणि पोथीत कुठंच नसलेल्या म्हशी, जावई आणि तहसीलदार आत आणून बसवतो. बायका त्याच्यासाठीच येतात. माझ्या आवाजासाठी कोण येतं ते मी कधी मोजलं नाही, कारण मोजण्याइतके नसावेत.

या श्रावणात एका लोभी माणसाची कथा होती. अप्पा म्हणाला, "लोभ म्हंजे काय? लांब कामून जायचं. आपल्या वाचनालयाचे सेक्रेटरी बघा. लिहायला पेन देतेत, पर टोपण सोताच्या खिशात ठेवतेत." सेक्रेटरी मी. सत्तेचाळीस सीट हसली. त्यात गीताबाई एक. टोपण खिशात ठेवल्यामुळं अकरा वर्षांत वाचनालयाचा एकही पेन हरवला नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी अध्याय अर्धा टाकून पोथी मिटली, कपाटात घातली, कुलूप लावलं.

तेव्हापासून बोलणं बंद. त्याचं शेत माझ्या शेताला लागून आहे, मधे फक्त बांध. आम्ही दोघं आपापल्या बाजूला उभे राहून बघून न बघितल्यासारखं करतो. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, मान दुखते.

८ डिसेंबर, रविवार

दुपारी तीनला पहिला खेळ. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. बाबूलालनं प्रोजेक्टर लावला. चौतीस सीट. मागच्यांना अक्षरं दिसेनात, म्हणून मी पुढं स्टूल घेऊन बसलो आणि मोठ्यानं वाचायचं ठरवलं.

घसा साफ करून बसलो, पण वाचायला काही येईना. बर्फ. झाड. परत बर्फ. पहिलं अक्षर सतराव्या मिनिटाला आलं: 'थंडी आहे.' मी ते वाचलं. दुसरं तेविसाव्या मिनिटाला: 'हो.' तेही वाचलं. मधल्या काळात एक उंच, पांढराफटक माणूस पडद्याच्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत चालत गेला. घड्याळ लावून पाहिलं, सात मिनिटं. माझ्या गाडीनं एवढा वेळ घेतला असता तर पॅसेंजरनी टायर काढून नेले असते.

गोष्ट अशी दिसते. तो माणूस मोठ्या घरात एकटा राहतो. दिवेलागणीला गावात येतो आणि कुणाच्यातरी दारात उभा राहतो. नुसता उभा. घरातल्यांनी 'आत या' म्हटलं तरच आत जातो. दुसऱ्या दिवशी त्या घरातलं एक माणूस अशक्त होतं. एका घरानं दाराला लसणाच्या माळा बांधल्या, तिथून तो शिंकत परत गेला.

मागून एक बाई म्हणाली, "भूत हाय तर पाय उलटे कामून न्हाईत?"

दुसरी म्हणाली, "दारात कामून उभा ऱ्हायलाय? भूत हाय का जावई?"

माझं काम वाचायचं. पाऊण तासात माणसं उतरायला लागली. शेवटी सात सीट उरली, त्यातली तीन झोपलेली. गीताबाई त्या तिघांत नव्हती याचं मला नवल वाटलं.

प्रोजेक्टर गुंडाळताना बाबूलाल म्हणाला, "भगवानराव, वाचणारा हाय, पर अर्थ सांगणारं कोणी न्हाई. तिथंच गाडी अडायलीय." मी म्हटलं, वायर नीट गुंडाळ.

१० डिसेंबर

मत लिहायला बसलो. 'पिक्चर लांब आहे. थंडी भरपूर आहे. रक्त एकूण एक चमचा.' दहा शब्द झाले. अजून एकशे नव्वद पाहिजेत.

स्नेहाला फोन केला, म्हटलं दुसरा काहीतरी पाठव, ज्यात माणसं भराभर बोलतात. ती म्हणाली, "दुसरा नाही मिळत मामा. हाच परत लावा. एकदा बघून मत होत नाही." एवढ्या मोठ्या बिदरमध्ये दुसरा पिक्चर मिळत नाही हे मला पटलं नाही, पण शिकलेल्या माणसांच्या मंडळाचं असंच असेल. मग म्हणाली, मामीला फोन द्या. वीस मिनिटं बोलल्या. एवढं बोलणं त्या पिक्चरमध्ये सबंध नाही.

१५ डिसेंबर, रविवार

दुसरा खेळ, तोच पिक्चर. बोलवायला गीताबाई स्वतः घरोघर फिरली. एक्केचाळीस सीट.

पिक्चर सुरू झाल्यावर दारात सावली पडली. अप्पा. मी त्याच्याकडं न बघता बघितलं. बाबूलाल म्हणाला, "अप्पा, या की आत." अप्पा म्हणाला, "वाचनालय सेक्रेटरीचं हाय, बाबूलाल. मी हितंच बरा हाय." आणि बाहेरच्या पायरीवर बसला. दार उघडं होतं, कुणी अडवलं नव्हतं, आत चटई मोकळी होती. तरी पायरीवर. काही माणसांना उगाच त्रास काढून घ्यायची हौस असते.

सात मिनिटांचं चालणं आलं. आणि पायरीवरून आवाज आला.

"ह्यो माणूस बघा. तीनशे वर्षांचा हाय. आय, बाप, बायकू, समदे मेले. ह्याला मरण न्हाई. सांजच्याला कुणाच्या तरी घरी जायालाय. तुमाला वाटायलंय रक्तासाठी. न्हाई. तीनशे वर्षं एकट्यानं जेवायचं म्हंजे काय असतंय? मी दोन रोज बिदरला गेलतो तर आमच्या बसम्माला भाकरी ग्वाड लागली न्हाई."

"मी कवा म्हनलं?" त्याची बायको बसम्मा आतून म्हणाली.

"तू म्हनत न्हाईस. अर्थ मी सांगायलोय."

मी पिक्चर थांबवून सांगितलं, की तीनशे वर्षं असं कुठंही लिहिलेलं नाही, माणसाचं वय दिलेलंच नाही. एक्केचाळीस सीट माझ्यावर ओरडली. पुढं अप्पानं त्या माणसाला मेहकरची एक म्हैस विकत घेऊन दिली, ती आजारी पाडली आणि तिच्यासाठी त्याला रडवलं. पडद्यावर तेव्हा फक्त एक मेणबत्ती होती. निम्मी माणसं पडद्याकडं पाठ करून दाराकडं तोंड करून बसली होती. बायका डोळे पुसत होत्या.

शेवटी मोजलं. एक्केचाळीस. एकही उतरलेलं नाही. 'समाप्त' वाचून मी दारात बघितलं तेव्हा पायरी मोकळी होती. छापलेलं नाही ते सांगणं चूक आहे, हे माझं मत कायम आहे. पण मेणबत्ती बघताना मलाही म्हैस दिसली हे लिहून ठेवतो.

१८ डिसेंबर

अप्पाच्या घरी एक टेम्पो बघून गेला म्हणे, सामान किती आहे ते. दिवसभर काही सुचलं नाही. वाचनालयातल्या पुस्तकांना उगाच नवीन नंबर दिले.

२२ डिसेंबर, रविवार

तिसरा खेळ. अठ्ठावन्न सीट, काही जण जनवाड्याहून जीपनं आलेले. अप्पा पायरीवर.

आता मला अक्षरं पाठ झाली आहेत, तरी मी पडद्यावर बघूनच वाचतो, नियम म्हणजे नियम. शेवटाकडं एक जागा आहे. त्या माणसाची गावात एकाशीच ओळख असते, एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याशी. काहीतरी बिनसतं आणि घड्याळवाला त्याला बोलवायचं सोडतो. पहाट होत आलेली. ऊन पडलं की हा माणूस संपणार, हे आता आमच्या गावातल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. तो घड्याळवाल्याच्या दारात उभा आहे. घड्याळवाला आत, उघड्या दारातून दिसतोय. खाली अक्षरं येतात. आधी दोन वेळा मी ती गाडीच्या बोर्डासारखी वाचली होती: 'मी दारात आहे. तू फक्त ये म्हण.'

आज 'तू फक्त' म्हटलं आणि पुढचं तोंडातून निघेना. घशात धूळ गेली असावी, घोंगड्या झटकलेल्या नव्हत्या. अक्षरं पडद्यावरून गेली तरी मी तसाच. कुणीतरी म्हणालं, वाचा की. मग मी उरलेलं वाचलं, पण कंडक्टरच्या आवाजात नाही.

लोक दाराकडं वळले.

"अर्थ सांगा की, अप्पा," बाबूलाल म्हणाला.

"ह्याला अर्थ कशाला पायजे?" अप्पा म्हणाला. "सरळ मराठी हाय."

तो उठून गेला. पिक्चरमधला घड्याळवाला शेवटपर्यंत 'ये' म्हणत नाही. ऊन पडतं आणि दारात एक टोपी उरते. मला तो घड्याळवाला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही.

२५ डिसेंबर

येळवशीचं बोलावणं फोनवर देत नाहीत, घरी जाऊन 'या' म्हणायचं असतं. गीताबाईनं मला नावं सांगितली, मी लिहून घेतली. बाबूलाल, त्याच्या घरचे, वरच्या गल्लीतली चार घरं. अप्पाचं नाव तिनं घेतलं नाही. मी थोडा वेळ पेन धरून बसलो. ती म्हणाली, "अजून कुणी ऱ्हायलंय का?" मी म्हटलं, न्हाई.

सगळी घरं झाल्यावर अप्पाकडं गेलो. खरंच गेलो. दारात बांधलेली गाठोडी, दोन ट्रंका, भिंतीवरून काढलेलं घड्याळ. अप्पा बाजेवर बसला होता. बसम्मानं चहा ठेवला. अप्पा माझ्याकडं बघत होता आणि मी ट्रंकांकडं. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "वाचनालयाचं एक पुस्तक तुझ्याकडं हाय. जायच्या आदी जमा कर."

हे बोलायला मी गेलो नव्हतो.

त्यानं पुस्तक आणून दिलं. रजिस्टर माझ्या पिशवीत होतंच. सहीसाठी मी पेन पुढं केला, तर त्यानं स्वतःच्या खिशातला पेन काढला, सही केली, त्याचं टोपण लावलं आणि परत खिशात ठेवला. चहा कसा होता ते आठवत नाही. मी गाढव आहे.

२९ डिसेंबर, रविवार

आज खेळ नाही. घरी येळवशीची गडबड. गीताबाईनं बाजरीचे उंडे दरवर्षीच्या दीडपट केलेत. आंबिलीसाठी मोठी बिंदगी घासून काढली. एवढं कुणाला, विचारलं. "पाखरांना," म्हणाली. आमच्या शेतात एवढी पाखरं मी तरी बघितली नाहीत.

३० डिसेंबर, येळवस

सकाळी शेतात कडब्याची कोप उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली. बाबूलालचे घरचे आले, वरची गल्ली आली. या दिवशी शेतावरून जाणाऱ्याला उपाशी जाऊ देत नाहीत. मी बांधावर उभं राहून हाका मारत होतो. मोटारसायकलवरचे दोन अनोळखी पोरगे जेवले. बी-बियाणांच्या कंपनीचा एक माणूस जेवला. रस्ता चुकलेला एक ट्रॅक्टरवाला दोनदा जेवला.

अप्पाच्या शेतात या वर्षी कोप नव्हती. एकच वाजला असेल. तो एकटाच आला आणि बांधाच्या त्याच्या बाजूला उभा राहिला. जायच्या आधी शेत बघून घ्यायला आला असेल असं मला वाटलं. डोक्यावर टोपी, मागं हात. ऊन चांगलंच होतं. तो आमच्या कोपीकडं बघत नव्हता, ज्वारीकडं बघत होता. त्याची ज्वारी सोडून माझ्या ज्वारीकडं.

सगळे जेवायचे थांबले. गीताबाई हातात भज्जीचं पातेलं धरून उभी. कुणीच त्याला हाक मारेना. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावणारी ही माणसं आज अचानक मुकी का झाली कळेना. मला एकदम वाटलं, की तिकडं बांधावर टोपी तेवढी उरणार.

मी बांधाकडं चालत गेलो. किती मिनिटं लागली मोजलं नाही. ये म्हणायचं होतं. बावीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला नुसतं 'ये' कसं म्हणायचं, त्यात चार महिने अबोल्याचे पण होते. घशातून जे निघालं ते एकोणतीस वर्षांच्या सवयीचं निघालं, तेही सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं:

"चला, आत या. पुढं सरका. जागा हाय."

मागं कुणीतरी हसलं. अप्पा हसला नाही. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"इचार करून बोल, भगवान," तो म्हणाला. "त्या पिक्चरमदी एकदा बोलावलं की परत हाकलता येत न्हाई."

"मला सांगू नकोस. तीनदा वाचलाय मी."

"वाचलायस. अर्थ मी सांगितलाय."

"टोपणाचं तू बोलायचं नव्हतं."

"खरं हाय. लई हसले लोक." त्यानं बांध ओलांडला. "मला बी वाईट वाटलं मागून. पर तू पोथीला कुलूप लावलंस, मग माफी मागायची कुठं बसून?"

मी त्याचा हात धरून कोपीत नेलं. कोपीचं तोंड बुटकं, दोघांनाही वाकावं लागलं. बसम्मा आधीच आत बसली होती, कधी आली देव जाणे. भज्जीत या वेळी लसूण सढळ हातानं पडली होती. अप्पानं ती तीन वेळा घेतली आणि शिंकला नाही, तेव्हा त्या बाबतीत माझी खात्री झाली.

आंबील पिताना मी कलबुर्गीचं विचारलं. बसम्मा म्हणाली, "श्रीशैलला फोन केला की सकाळीच. म्हनलं, येत न्हाई आमी. श्रावणात पोथी हाय."

यात एक गोष्ट जुळत नाही. सकाळी तर मी बोलावलंच नव्हतं. गीताबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमी उंडा खावा." बसम्माचा वेळेचा काहीतरी घोळ होत असेल, वय झालं तिचं.

१ जानेवारी २०२५

आज ट्रंका उघडल्या. घड्याळ भिंतीवर गेलं. टेम्पोवाल्याला बाबूलालनं परस्पर निरोप दिला होता म्हणे, तोही येळवशीच्या आदल्या दिवशी. या गावात सगळ्यांची घड्याळं पुढं आहेत.

दुपारी वाचनालयात अप्पा आला. दारात थांबला. मी रजिस्टरमधून वर न बघता म्हणालो, "ये." आला, चटईवर बसला. दोघांनी मिळून मत पुरं केलं. उतरवून ठेवतो:

'पिक्चर लांब आहे. थंडी भरपूर आहे. रक्त एकूण एक चमचा. पिक्चरमध्ये फार थोडं बोलतात, त्यामुळं वाचणाऱ्याचे हाल होतात. हा पिक्चर एकट्यानं बघू नये. शेजारी अर्थ सांगणारा पाहिजे, मग तो खोटं का सांगेना. भूत आमच्याकडच्या भुतापेक्षा सभ्य आहे, विचारल्याशिवाय घरात येत नाही. चूक भुताची नसून घड्याळवाल्याची आहे. त्याला एक शब्द बोलायचा होता. आमच्या गावात हा पिक्चर तीन वेळा दाखवला आणि तिसऱ्या वेळी अठ्ठावन्न सीट शेवटपर्यंत बसली. यापेक्षा जास्त मत आम्हांला नाही.'

दोनशे भरत नाहीत, स्नेहानं चालवून घ्यावं.

अप्पा म्हणाला, खाली माझं एक वाक्य टाकतो, पेन दे. मी पेन दिला. टोपणासकट दिला. त्यानं ते बघितलं, वाक्य लिहिलं: 'म्हैस पिक्चरमध्ये नाही, पण पाहिजे होती.' मग मी कपाटाचं कुलूप उघडून पोथी काढली, कुठलं पान ते बघितलं आणि खुणेला चिठ्ठी घातली. श्रावण लांब आहे, तरी.

तो गेल्यावर ही नोंद लिहायला पेन उचलला, तर टोपण नाही. चटईखाली बघितलं, रजिस्टरखाली बघितलं. मग कळलं. पेन ठेवून गेला आणि टोपण खिशात घालून घेऊन गेला.

टोपणाशिवाय पेन खिशात ठेवता येत नाही, सदरा खराब होतो. उद्या सकाळी त्याच्या घरी जावं लागणार. बोलावणं काही नाही, तसाच जाणार.